काळ्या सुरीचा उन्हाळा

काल सकाळी लेकीच्या बाल्कनीचं दार उघडलं आणि चष्म्यावर एकदम वाफ धरली. पुसला, पुन्हा धरली. दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या तिच्या त्या उंच घरात आत हिवाळा असतो आणि काचेपलीकडे ऑगस्ट. हा इथला ऋतू आपल्याकडच्या कुठल्याच ऋतूत बसत नाही. उन्हाळा म्हणावं तर हवेत सगळा समुद्र उतरलेला असतो, पावसाळा म्हणावं तर एक थेंब पडत नाही. लोक नुसतं "ह्युमिडिटी सुरू झाली" म्हणतात. मी काही म्हणत नाही. दार लावून घेते आणि हात कशात तरी गुंतवून ठेवते. काल मेथी निवडली. मेथी संपली तेव्हा कपाटातल्या धुतलेल्या चादरी काढून पुन्हा घड्या घातल्या.

"आई, यू आर डूइंग इट अगेन," केतकी म्हणाली. चाळिशीला आली तरी माझ्या मराठीला तिचं उत्तर इंग्रजीतच येतं. काय करतेय हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. त्या एका उन्हाळ्यात माझे हात सुरी घडवायला शिकले होते. तेव्हापासून हे दिवस आले की ते गप्प बसत नाहीत.

तेव्हा आम्ही अल कुसैसला राहायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. बिल्डिंगसमोर वाळूचा मोकळा प्लॉट, पलीकडे शारजाला जाणारा रस्ता, आणि मागच्या बाजूला गॅरेजांची, वर्कशॉपांची वस्ती. त्या वस्तीतल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये माझा नवरा प्रकाश मशीन शॉपचा फोरमन होता. तिथे जहाजांचे सुटे भाग बनत, दुरुस्त होत. शेजारच्याच शेडमध्ये सुतारखातं. प्रकाश घरी आला की त्याच्या हातांना मशीनच्या तेलाचा वास यायचा. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी त्याला साबण पुढे करायचे, नंतर सोडून दिलं. तो वास म्हणजेच संध्याकाळ झाली असं मनानं धरून टाकलं होतं.

शाळा बंद झाल्या की आमची बिल्डिंग रिकामी व्हायची. बायकामुलं गावाला जायची. जिन्यातले चपलांचे आवाज थांबायचे, कुकरच्या शिट्ट्या थांबायच्या, मागे राहिलेले पुरुष खालच्या कॅफेटेरियातून पार्सल घेऊन गुपचूप वर यायचे. नळाला हात लावला की चटका बसायचा, म्हणून आम्ही गीझर बंद करून त्यातलं साठलेलं पाणी थंड म्हणून वापरायचो. रस्त्याच्या कडेच्या खजुरांवर घड पिवळे पडायचे आणि पालिकेची माणसं त्यांना जाळीच्या पिशव्या बांधून जायची. त्या लोंबणाऱ्या पिशव्यांकडे बघून मला उगाच वाटायचं, कुणीतरी झाडांना सलाइन लावलंय.

डंकन हा प्रकाशच्या वर्कशॉपचा मॅनेजर. स्कॉटलंडच्या पार उत्तरेकडचा, साठीला टेकलेला, उंच, उन्हानं मान कायमची लाल झालेली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. सणावाराला प्रकाश त्याला घरी जेवायला घेऊन यायचा. तो आमटी चमच्यानं सूपसारखी प्यायचा, तिखटानं डोळ्यांत पाणी यायचं आणि तरी वाटी पुढे करायचा. या दोघांचं जमायचं ते पोलादावरून. कुठलं पोलाद ठिसूळ, कुठलं धार धरतं, यावर ते पानावरून उठले तरी बोलत बसायचे. मी ताटं उचलून न्यायचे, पुसायचे, जागेवर लावायचे, तरी विषय तोच.

अशाच एका जेवणानंतर डंकनने आपल्या आजोबांच्या सुरीची गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे पुरुष लग्नाकार्याला, अंत्ययात्रेला तो चौकड्यांचा घागऱ्यासारखा पोशाख घालतात, गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे चढवतात आणि मोज्यात वरच्या बाजूला एक छोटी सुरी खोचतात. फक्त मूठ दिसेल अशी. त्यांच्या भाषेत तिला 'स्कीन डू' म्हणतात, म्हणजे काळी सुरी. आजोबांच्या सुरीची मूठ दलदलीत पिढ्यान्‌पिढ्या गाडल्या गेलेल्या झाडाच्या लाकडाची होती. चिखलात राहून लाकूड कोळशासारखं काळं झालेलं. मुठीवर चटईसारखी वीण कोरलेली, आणि म्यानही लाकडाचंच. आजोबा गेल्यावर घर रिकामं करताना कुणीतरी ती भंगारात देऊन टाकली.

"मी तेव्हा इथे होतो, गल्फमध्ये," डंकन म्हणाला. "मला कुणी विचारलंच नाही."

प्रकाश त्याला खाली गाडीपर्यंत सोडून आला. मग म्हणाला, "साहेब या वर्षी रिटायर होतोय. ऑक्टोबरात जाणार. मी त्याला ती सुरी बनवून देणार आहे. बोलायचं नाही कुणी."

त्या वसंतातल्या शुक्रवारच्या, म्हणजे सुट्टीच्या, सकाळी माझ्या डोळ्यांसमोर अजून स्वच्छ आहेत. बाल्कनीत एक जुनं टेबल, त्याला घट्ट बसवलेला, लोखंड पकडून धरणारा छोटा व्हाइस, आणि प्रकाश उघड्या अंगानं, कमरेला टॉवेल गुंडाळून, एक झिजलेली कानस घासत बसलेला. त्या जुन्या कानशीचंच पातं करायचं होतं. आधी ती तापवून मऊ केली, मग दुसऱ्या कानशीनं घासून घासून तिला आकार दिला. खाली पडणारा लोखंडाचा कीस केतकीच्या पायात जाऊ नये म्हणून तो ब्रशनं गोळा करून दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. पातं बोटाएवढं झालं, एका बाजूला धार, टोक निमुळतं, आणि मागे मुठीत शिरणारी बारीक शेपटी. मग एका शुक्रवारी त्याने माझा शेंगदाणा तेलाचा डबा पळवला. गॅसच्या बत्तीनं पातं लाल केलं आणि तेलात बुडवलं. असा धूर झाला की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी वाकून विचारलं, "भजी का हो?" प्रकाश एवढा हसला की त्याला खाली बसावं लागलं.

नंतर पातं माझ्या ओव्हनमध्ये ठेवून तो काचेला नाक लावून बसला. वाळलेल्या गवतासारखा रंग आला की बाहेर काढायचं, नाहीतर ते पहिल्याच धक्क्याला तुटणार. "आता," तो म्हणाला आणि काढलं. मी पाहिलं तेव्हा पात्यावर खरंच फिकट सोनेरी झाक होती.

मूठ राहिली होती, म्यान राहिलं होतं. अजमानच्या किनाऱ्यावर जुन्या लाकडी लाँची मोडतात, तिथून त्याने सागाचे दोन तुकडे आणले होते. मलबारातून आलेला साग, समुद्रात आयुष्य काढलेला, माशाच्या तेलानं तपकिरी झालेला. "त्यांचं लाकूड चिखलात मुरलं, आपलं खाऱ्या पाण्यात," तो म्हणाला. "चालेल की." पितळी पाइपचा एक काप घासून मुठीच्या तोंडाशी बसवायची कडीही त्याने करून ठेवली. मग काम वाढलं, उन्हाळा लागला आणि सगळं एका फडक्यात बांधून कपाटात गेलं.

जूनच्या शेवटी तो गेला. नेहमीसारखा डबा घेऊन गेला होता. दुपारी फोन आला, वर्कशॉपमधलंच कुणीतरी हिंदीत बोलत होतं, "भाभी, हॉस्पिटल आ जाओ, यल्ला, जल्दी." मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. त्याच्या कपाळाला हात लावला तर ते गरम होतं. एवढं गरम की मला वाटलं यांची चूक झालीये, मेलेलं माणूस असं नसतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. कॉरिडॉरमध्ये डंकन भिंतीला टेकून उभा होता, तोंड पांढरंफटक. "तो चालता चालता पडला," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

दीर आले. अंत्यसंस्कार इथेच झाले. अस्थी घेऊन ते परत गेले. आम्हीही जायचं की नाही यावर घरी फोनवर बरीच रडारड झाली, पण केतकी दहावीत होती, शाळा मध्येच तोडता येत नव्हती. मी एका बालवाडीत शिकवत होते. माझा व्हिसा मात्र प्रकाशच्या नावावर. तो बदलून घ्यायला डंकन माझ्याबरोबर ऑफिसांचे उंबरठे झिजवत फिरला. माझ्या वतीनं बोलला, भांडला, एकदा तर कुणाच्या तरी टेबलावर हात आपटला. आठवड्यातून एकदा तरी फळांची पिशवी घेऊन दारात यायचा. आत यायचा नाही. मी त्याला देवमाणूस म्हणायचे. फोनवर आईला तसंच सांगितलं होतं मी.

जुलैत बिल्डिंग नेहमीसारखी रिकामी झाली. त्या वर्षी मागे राहिलेल्यांत आम्ही दोघी होतो. एसीच्या घरघरीशिवाय घरात आवाज नाही. केतकी पुस्तक उघडून बसायची आणि पान उलटायची नाही. मी भांडी घासायचे, वाळली की तीच पुन्हा घासायचे. एका दुपारी केतकी कपाटातून ते फडकं घेऊन आली.

"धिस वॉज फॉर डंकन अंकल," ती म्हणाली. "हू विल फिनिश इट?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "ठेव जागेवर."

तिने ठेवलं नाही. जेवणाच्या टेबलावर मांडून गेली. पातं, कडी, लाकडाचे दोन तुकडे. संध्याकाळपर्यंत मी त्या टेबलाच्या बाजूनं जाणंच टाळलं. मग लाकूड उचलून हुंगलं. त्याला मासळीचा, डांबराचा आणि कुठल्यातरी लांबच्या बंदराचा वास होता. मी सुतारखात्यात फोन करून उस्मानचाचांना निरोप ठेवला.

उस्मानचाचा गुहागरकडचे. प्रकाशच्याच कंपनीत सुतार. मुहैस्नाहच्या कामगारांच्या कॅम्पात राहायचे, तिथल्या सगळ्यांसारखे तेही त्या जागेला सोनापूरच म्हणायचे. प्रकाशशी त्यांची गाठ पडली ती कोकणी बोलण्यावरून. शुक्रवारी नमाज झाली की ते दोन बस बदलून यायचे, हातात कापडी पिशवी, तीत पटाशा, बारीक करवत, छोटा रंधा. दारात आले की आधी प्रकाशच्या फोटोकडे बघून क्षणभर थांबायचे.

"आणा इकडे वहिनी, दोन शुक्रवारात करून देतो," ते म्हणाले.

"तुम्ही करू नका चाचा. मला दाखवा फक्त."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाद घातला नाही. "बरं," म्हणाले. "मग बांगड्या काढून ठेवा."

मी हात पुढे केला. बांगड्या नव्हत्याच. ते एकदम खाली बघायला लागले. त्यानंतर आम्ही कामाचंच बोललो.

लाकडाला आधी थिनरनं पुसून काढायचं, कारण आतलं तेल गोंद धरू देत नाही. मग मधोमध बारीक भोकं पाडायची, ओळीनं, एकमेकांना चिकटून, आणि पातळ कानशीनं ती जोडत जायची, पात्याची शेपटी आत सरकेपर्यंत. ती सरकत नाही. थोडं घासायचं, घालून बघायचं, काढायचं, पुन्हा घासायचं. माझ्या घाईनं पहिला तुकडा उभा चिरला. टकन आवाज आला आणि दोन फाकी झाल्या. मी तो भिंतीवर फेकून मारला. प्रकाश गेल्यापासून मी मोठ्यानं रडले नव्हते, त्या फुटक्या लाकडासाठी रडले. चाचा उठून स्वयंपाकघरात गेले आणि त्यांना सापडेल तशी साखर घालून चहा करून आले. केतकीलाही दिला. मग ते तुकडे उचलून म्हणाले, "हे वाया नाय गेलं. ह्याचं म्यान होईल."

दुसऱ्या तुकड्याला मी घाई केली नाही. बालवाडीलाही सुट्टी होती; आठवडाभर रोज दुपारी जेवणं आटोपली की बाल्कनीचं दार बंद करून, आत हॉलमध्ये जुनी चादर पसरून बसायचे. तळव्याला फोड आले, फुटले, कातडी जाड झाली. शेपटी आत गेली तेव्हा लाकूड इतकं बेमालूम बसलं होतं की गोंद लावायला मन होईना. वीण कोरायची होती. नमुना कुठला आणणार? डंकन चटईसारखी म्हणाला होता, आणि चटई मी जन्मभर पाहिली होती. एकावर एक, एकाखाली एक. पेन्सिलीनं तिरक्या रेघा आखल्या आणि पटाशीच्या टोकानं उतरवत गेले. दिवसाला नखाएवढी जागा पुरी व्हायची. पण ज्या वेळात माझा हात त्या रेघेवर असायचा, त्या वेळात मला काही आठवायचं नाही. हे मी केतकीला सांगितलं तेव्हा ती नुसती शेजारी येऊन बसली आणि भूगोल मोठ्यानं वाचायला लागली. त्या उन्हाळ्यात तिचा अभ्यास सुरू झाला तो तिथून.

काळा रंग कसा आणायचा हे प्रकाशने मला सांगून ठेवलं होतं. बरणीत व्हिनेगर घ्यायचं, त्यात लोखंडाचा कीस भिजत घालायचा. लाकडाला दाट चहा पाजायचा आणि वरून ते व्हिनेगर फिरवायचं. कीस कुठून आणायचा याचा विचार करत असताना दूध पावडरचा डबा दिसला. पातं घासताना त्याने गोळा केलेला तो सगळा भुगा तसाच होता. मी तो व्हिनेगरमध्ये ओतला. काही दिवसांनी ब्रश बुडवून मुठीवर फिरवला आणि माझ्या डोळ्यांदेखत लाकूड काळं होत गेलं, आधी करडं, मग सांज झाल्यासारखं, मग पूर्ण. मला आनंद झाला. खरा, अंगभर. आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

राहिलं म्यान. चिरलेल्या लाकडाच्या दोन फाकी रंध्यानं पातळ करायच्या, आतून पात्याच्या आकाराच्या कोरायच्या आणि एकमेकींना चिकटवायच्या. ऑगस्ट अर्धा सरला होता. त्या शुक्रवारी वीज काही वेळ गेली आणि घर झपाट्यानं तापायला लागलं. मी पदरानं घाम पुसला आणि सहज म्हटलं, "चाचा, वर्कशॉपमध्ये कसे काम करता हो तुम्ही?"

चाचांची पटाशी थांबली.

"त्या दिवशी कूलर बंदच होते," ते म्हणाले. "हप्ताभर बंद होते. वरचा पंखा पण." मग माझ्याकडे न बघता, "प्रकाशभाऊ साहेबाच्या केबिनमध्ये गेले होते वहिनी. दुपारच्या आधी. चक्कर येतेय, घरी जातो म्हणाले. मी दारातच होतो, चौकटीचं माप घ्यायला."

"मग?"

"साहेब म्हणाला, कंटेनर आज जायचाय, एवढी लॉट काढ आणि जा."

"आणि प्रकाश?"

"भाऊ हसले. ओके साहेब म्हणाले. मशीनवर गेले." चाचांनी पटाशी खाली ठेवली. "मी तुम्हाला बोललो नसतो. माझं पण पोट तिथंच आहे. पण तुम्ही त्याच्यासाठी हे हात सोलून घेताय, ते माझ्याच्यानं बघवेना."

वीज आली, एसी घरघरला. मी सगळं आवरून फडक्यात बांधलं आणि कपाटात टाकलं. चाचा पिशवी उचलून गेले.

दोन दिवसांनी डंकन आला. दारात आंब्यांची पेटी ठेवली, हंगाम संपत आलाय, हे शेवटचे, असं काहीतरी म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. याच तोंडानं 'एवढी लॉट काढ' म्हटलं. याच माणसानं माझ्यासाठी टेबलावर हात आपटला. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही एकाच वेळी डोक्यात मावत नव्हतं. दार लोटून घेतलं. आंबे बाहेरच राहिले, आणि त्या हवेत संध्याकाळपर्यंत जिन्याला कुजका गोड वास सुटला. शेवटी केतकीनेच ते खाली नेऊन टाकले.

तिला सांगावं लागलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सो यू विल थ्रो इट?"

फेकून द्यायचा विचार मीही करून पाहिला होता. खाली कचऱ्याच्या पेटीपर्यंत जायचं, झाकण उघडायचं, खलास. पण डोळ्यांपुढे ओव्हनच्या काचेला नाक लावून बसलेला प्रकाश यायचा. ती दुपार त्याला घेऊन गेली. त्याचं अर्धं राहिलेलं कामही तिलाच देऊन टाकायचं, हे मला पटेना. पुढच्या शुक्रवारी मी चाचांना पुन्हा बोलावलं.

"आता कुणासाठी करायचं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "प्रकाशचं काम आहे. पुरं करू."

"इन्शाल्ला," ते म्हणाले आणि चादरीवर मांडी घालून बसले.

म्यानाच्या आतली बाजू कोरणं सगळ्यांत अवघड. आपण काय करतोय ते नंतर कुणाला दिसणार नसतं, आणि तिथेच केसभर चुकलं तर पातं खुळखुळतं किंवा अडकतं. मी काजळ लावलेलं पातं आत दाबायचे, जिथे काळं उमटेल तिथे खरवडायचे. फाकी चिकटल्या, दोऱ्यानं आवळल्या, वाळल्या. बाहेरून त्यालाही तोच काळा रंग दिला, खोबरेल तेल चोळलं. सप्टेंबरात मुलं परतली, जिना पुन्हा वाजायला लागला, आणि एका दुपारी मी सुरी म्यानात सरकवली. शेवटी अगदी हलका ठक झाला. उलटी धरली, पडली नाही. मी ती चाचांच्या हातात दिली नाही, खाली चादरीवर ठेवली. सुरी हातात देऊ नये, भांडण होतं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्यांनी ती उचलली, मुठीवरून अंगठा फिरवला आणि प्रकाशच्या फोटोकडे वर करून धरली.

ऑक्टोबरात डंकन निरोप घ्यायला आला. मी त्याला आत बोलावलं. प्रकाश गेल्यानंतर तो पहिल्यांदाच आमच्या हॉलमध्ये बसला, कडेच्या खुर्चीवर, कसाबसा. केतकी आतल्या दारात उभी होती. मला वेळ घालवायचा नव्हता.

"त्या दिवशी तो तुमच्याकडे आला होता ना?" मी विचारलं.

मला वाटलं, आता खोटं बोलेल. "हो," तो म्हणाला. "त्याला बरं वाटत नव्हतं. मी त्याला थांबायला सांगितलं."

"कूलर बंद होते."

"हो. मी वर कळवलं होतं. दोनदा. पण माणसं थांबवायला हवी होती, ती मी थांबवली नाहीत." त्याचे मोठे हात गुडघ्यांवर पडले होते. "मीही त्याच शेडमध्ये होतो, त्याच दिवशी…"

"तुमच्या केबिनला एसी होता," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. "होता."

मग मी उठले, कपाटातून सुरी आणली आणि त्याच्या समोर टेबलावर ठेवली. त्याने लगेच ओळखली. तोंडावर हात नेला. मी सांगितलं, पातं प्रकाशने केलंय, तुमच्यासाठी, तुमच्या रिटायरमेंटसाठी. बाकीचं मी केलंय. त्याने ती उचलली, म्यानातून काढली, चटईच्या विणीवर बोट ठेवलं, आणि तो म्हातारा माणूस माझ्या हॉलमध्ये, आवाज न करता, खांदे हलवत रडला.

"मला हे घेता येणार नाही," तो म्हणाला.

"घ्यावं लागेल. त्याची इच्छा होती."

त्याने सुरी पुन्हा म्यानात सरकवली. मग उभा राहिला आणि खिशातून एक नाणं काढलं, त्यांच्याकडचं, जुनं. म्हणाला, आमच्याकडे सुरी फुकट घेत नाहीत. घेणाऱ्यानं बदल्यात एखादं नाणं द्यायचं असतं. नाही दिलं तर सुरी देणाऱ्या-घेणाऱ्यामधली मैत्री कापून टाकते. त्याने हात पुढे केला. उघड्या तळव्यावर ते नाणं होतं.

"नको," मी म्हटलं.

"प्लीज."

"नाही डंकन. सुरी त्याची होती, ती तुम्हाला दिली. पण हे मी घेणार नाही."

त्याने मान हलवली. समजल्यासारखी. सुरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि जिना उतरून गेला.

"बाबा वुड हॅव टेकन इट," केतकी म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "त्याने घेतलं असतं."

मी खिडकीशी गेले. खाली डंकन गाडीपाशी उभा होता. दार उघडं, पण आत बसत नव्हता. ऊन अजून करपवणारं होतं, डोक्यावर टोपी नाही, आणि तो तसाच उभा, कुणी शिक्षा दिल्यासारखा. मला त्याची दया आली नाही. हेही सांगायला हवं. मला वाटलं, राहू दे उभा.

मागे फ्रिजचं दार वाजलं. केतकीने गार पाण्याचा ग्लास भरला, मला न विचारता चपला घातल्या आणि खाली गेली. वरून मला दोघं दिसत होती. त्याने ग्लास दोन्ही हातांनी धरला. तो पिईपर्यंत ती थांबली. काहीतरी बोलली. मग तो गाडीत बसला आणि गेला.

ती वर आली, ग्लास ओट्यावर ठेवला आणि दुसरी मूठ उघडून मला दाखवली. नाणं.

"आय टुक इट फॉर बाबा," ती म्हणाली. "नॉट फॉर यू."

मी मान हलवली. तेवढं मला मान्य होतं.